काउंटीची मंगळवारची सभा : खडी, मोऱ्या आणि बिलांची यादी

मक्याकाठी (धागाकर्ती)

अमेरिकेच्या राजकारणावर इथे धागे पुष्कळ निघतात. सगळे राष्ट्राध्यक्षांपासून सुरू होतात आणि तिथेच भांडून बंद पडतात. म्हणून हा जरा तळमजल्यावरचा धागा.

मी वायव्य आयोवातल्या एका लहान काउंटीत (साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) राहते आणि कोर्टहाउसमध्ये, म्हणजे काउंटीच्या कचेरीत, ऑडिटरच्या ऑफिसात काम करते. आयोवात काउंटीचा ऑडिटर निवडणुका घेतो, हिशेब ठेवतो आणि बोर्डाची चिटणिशीही करतो. त्यामुळे बोर्डाच्या सभेचं इतिवृत्त टाइप करायचं काम बरेचदा माझ्याकडे येतं. काउंटीचं नाव सांगणार नाही, नोकरी करायची आहे अजून.

आयोवात ९९ काउंट्या. प्रत्येकीचा कारभार बोर्ड ऑफ सुपरवायझर्सकडे. कुठे पाच सदस्य, आमच्यासारख्या ठिकाणी तीनच. चार वर्षांची मुदत, निवडणूक पक्षाच्या तिकिटावर. निवडून आल्यावर मात्र पक्ष फारसा दिसत नाही, कारण रस्त्याखालच्या मोरीला पक्ष नसतो.

मागच्या एका मंगळवारचं सांगते. नऊला ध्वजाची शपथ. विषयपत्रिका मंजूर, मागचं इतिवृत्त मंजूर, बिलं मंजूर. मग काउंटी इंजिनिअर. एका टेलिफोन कंपनीला रस्त्याच्या हद्दीतून फायबर केबल पुरायची परवानगी. एका पुलावर वजनाची मर्यादा घालण्याचा ठराव. ग्रेडर (रस्ता सपाट करायचं यंत्र) चालवणारा एक माणूस निवृत्त होतोय, त्याच्या जागी भरती. गोल्फ क्लबचं दारूचं लायसन. एका टाउनशिपच्या (काउंटीच्या खालचा विभाग) क्लार्कची रिकामी जागा. तणनियंत्रण अधिकाऱ्याची वार्षिक नेमणूक (हो, असं पद आहे आणि ते कायद्याने भरावं लागतं). प्रत्येक विषयाला एक जण मांडतो, दुसरा दुजोरा देतो, तिघं 'आय' (म्हणजे 'हो') म्हणतात. बघायला मी, ऑडिटर आणि स्थानिक पेपरची एक बातमीदार.

त्यानंतर बोर्डाने सभा तहकूब केली आणि तेच तिघे, त्याच खुर्च्यांवर, ड्रेनेज डिस्ट्रिक्टचे (शेतातलं पाणी काढून देणारी संस्था) विश्वस्त म्हणून पुन्हा बसले. आमच्याकडची जमीन मुळात पाणथळ. शंभरेक वर्षांपूर्वी जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ टाकून पाणी काढलं, म्हणून आज इथे मका दिसतो. त्या नळांना इथे टाइल म्हणतात. एक शेतकरी प्लॅस्टिकच्या बादलीत फुटक्या टाइलचा तुकडा घेऊनच आला होता. फूटभर लांबीचा नळ, एका बाजूने खाल्लेला, आत झाडाची मुळं दाट भरलेली. टेबलावर ठेवताना ओला गाळ विषयपत्रिकेवर सांडला. "वर शेतात खड्डा पडलाय, ट्रॅक्टरचं चाक जाईल एवढा," एवढंच बोलला. दुरुस्तीचा हुकूम निघाला. खर्च त्या डिस्ट्रिक्टमधल्या जमीनमालकांवर, कोणाच्या जमिनीला किती फायदा त्या हिशेबाने.

सव्वादहाला सगळं आटोपलं.

तुमच्यापैकी कोणी गावाकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद जवळून पाहिली असेल तर लिहा. मला तुलना वाचायची आहे.

पुणेरी_कट्टा

धागा आवडला. पण खरं सांगू का ताई, हे वाचून 'मग यात विशेष काय' असं वाटलं. आमच्या सोसायटीची सभा यापेक्षा रंगते.

विस्तार_अधिकारी_नि.

मी पंचायत समितीत ३१ वर्षं काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण विषयपत्रिका अजून पाठ आहे. विषय क्र. १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्र. २ : जमाखर्चास मंजुरी. आणि शेवटचा विषय, ज्यासाठी अर्धे सदस्य येतात : मा. सभापतींच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

तुमच्याकडे हा शेवटचा विषय असतो का?

मक्याकाठी

नसतो काका, आणि तिथेच सगळी गंमत आहे.

आयोवाच्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार विषयपत्रिका किमान २४ तास आधी लावावी लागते, आणि तीत जे नाही त्यावर ठराव करता येत नाही. आणीबाणीची सोय आहे, पण तिची कारणं लिहून ठेवावी लागतात. सभेत कोणीही उठून बोलू शकतं. परवा एक बाई शेजाऱ्याच्या कुत्र्यांवर सविस्तर बोलल्या. बोर्डाने ऐकून घेतलं, अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या मंगळवारी घेऊ."

दुसरा नियम याहून कडक. बहुसंख्य सदस्य एकत्र येऊन कामाचं बोलले की कायद्याने ती सभा झाली. तिघांत बहुसंख्य म्हणजे दोन! त्यामुळे दोन सुपरवायझर सकाळी कॅफेत भेटले तर सोयाबीनचा भाव, नातवंडं, बेसबॉल चालेल. अमुक पुलाचं काय करायचं, हे चालणार नाही. पूर्वसूचना न देता भरवलेली सभा ठरते ती. आमचे दोघं एकाच चर्चमध्ये जातात, तिथेही पार्किंगमध्ये एकमेकांपासून जरा लांबच उभे राहतात.

बार्शी_लाइट

आमच्याकडं सभा नुसती सही करायला असती. ठरलेलं असतंय आदल्या रात्री धाब्यावर.

विस्तार_अधिकारी_नि.

@बार्शी_लाइट, अगदी सगळीकडे तसे नाही, पण नाही म्हणण्यासारखेही नाही.

ऐनवेळच्या विषयांचे सांगतो. मूळ हेतू चांगला. सभेची नोटीस निघाल्यावर पूर आला, विहीर आटली, शाळेचे छप्पर उडाले, तर थांबायचे का? म्हणून ती सोय. पण पुढे पुढे ज्यावर चर्चा नको तेच त्यात यायला लागले. वाचून दाखवायचे पटकन, कोणीतरी सूचक, कोणीतरी अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. निम्मे सदस्य तोवर जेवणाच्या पंगतीत. आठवडाभराने इतिवृत्त हातात आले की मग बोंब, की हा ठराव झालाच कधी.

ओंकार_डीमॉईन

मी डीमॉईनला (आयोवाची राजधानी) असतो, म्हणजे नदीच्या वाटेने ताईंच्या खालच्या अंगाला. तेव्हा थोडं कडवट लिहितो, राग मानू नका.

त्या बादलीतल्या टाइलमधून फक्त पाणी जात नाही, खताचं नायट्रेट पण जातं. ते ओढ्यात, ओढ्यातून रकून नदीत, तिथून माझ्या नळाला. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम. जून २०२५ मध्ये आमच्याकडे लॉनला पाणी घालायला बंदी आली, दुष्काळ नसताना! कारण नायट्रेट काढायची यंत्रणा तेवढ्या पाण्याला पुरेना. सहा लाख लोकांचा पाणीपुरवठा आहे हा. आणि वरच्या बाजूला तीन माणसं सव्वा तासात "दुरुस्ती मंजूर, आय, आय, आय."

रुटीन निर्णय म्हणजे निरुपद्रवी निर्णय नव्हेत, एवढंच म्हणायचंय.

मक्याकाठी

राग कशाला, मुद्दा रास्तच आहे. धागा काढताना हे कोणीतरी आणणार हे ठाऊक होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : २०१५ मध्ये डीमॉईन वॉटर वर्क्सने (तिथली पाणीपुरवठा संस्था) सॅक, कॅलहून आणि ब्यूएना व्हिस्टा या तीन काउंट्यांच्या बोर्डांवर फेडरल कोर्टात दावा लावला. सुपरवायझर म्हणून नव्हे, ड्रेनेज डिस्ट्रिक्टचे विश्वस्त म्हणून. (आमची काउंटी त्या तिघांत नाही.) २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की ड्रेनेज डिस्ट्रिक्टला अधिकार आहे तो पाणी काढण्याचा. शेतकऱ्याने खत किती टाकावं हे सांगायचा अधिकार कायद्याने दिलेलाच नाही, मग त्यांच्याकडून भरपाई कशी मागणार? प्रश्न विधिमंडळाचा आहे. विधिमंडळाने काय केलं ते तुमच्या नळाला दिसतंच आहे.

आमचे सुपरवायझर टाइल दुरुस्त करायला नाही म्हणूच शकत नाहीत. नाही म्हटलं तर जमीनमालक कोर्टात जातील, आणि जिंकतील.

ओंकार_डीमॉईन

अधिकार नाही हे मान्य. पण त्या केसमध्ये काउंट्यांच्या वकिलांचे पैसे कोण देत होतं, ते त्याच बोर्डांनी दडवून ठेवलं होतं ना? तेव्हा कुठे गेला तुमचा खुल्या सभांचा कायदा?

मक्याकाठी

बरोबर. बचावाचा खर्च शेती-उद्योगाशी संबंधित निधीतून येत होता आणि देणगीदारांची नावं सांगायला काउंट्या तयार नव्हत्या. तो विषय लावून धरला स्टॉर्म लेकच्या पेपरने. स्टॉर्म लेक म्हणजे ब्यूएना व्हिस्टाचं मुख्य गाव, वस्ती दहा-अकरा हजारांची, आणि पेपर तेव्हा आठवड्यातून दोनदा निघणारा. 'स्टॉर्म लेक टाइम्स'ला २०१७ चं पुलित्झर (पत्रकारितेचं मोठं पारितोषिक) मिळालं ते याच विषयावरच्या अग्रलेखांसाठी. तेव्हा संपादकांचा भाऊ प्रकाशक, घरचीच बरीचशी माणसं कामाला.

म्हणून वर ती बातमीदार आवर्जून लिहिली. सभेला कुत्रं फिरकत नाही, पण ती असते.

शेवंता

वाचतेय. टाइल, नायट्रेट हे सगळं नवीन आहे माझ्यासाठी. बिलांच्या यादीचं शीर्षकात म्हटलंय, त्याबद्दल लिहाल का?

मक्याकाठी

अगं हो, तेच राहिलं.

बोर्डाचं इतिवृत्त काउंटीच्या अधिकृत वर्तमानपत्रांत छापावंच लागतं. सोबत मंजूर केलेल्या बिलांची यादीही : कोणाला, कशासाठी, किती. ग्रेडरची पाती, पोलीस गाडीचे टायर, तुरुंगातलं दूध आणि पाव, कोर्टहाउसचे टॉयलेट पेपर, ज्याचं कोणी नाही अशा माणसाच्या अंत्यसंस्काराचा खर्च. लोक मुखपृष्ठाच्या आधी ते पान वाचतात. एकदा सुपरवायझरच्या मेहुण्याच्या गॅरेजचं बिल लागोपाठ दोनदा दिसलं तर तिसऱ्या मंगळवारी चार माणसं सभेला हजर होती, एरवी कोणी येत नाही.

आणि काउंटीच्या नोकरांचे पगार वर्षातून एकदा छापून येतात, नावासकट. माझा आकडा अख्ख्या गावाला पाठ आहे. भाजी घेताना गल्ल्यावरची बाई म्हणाली, "यंदा बरी वाढ झाली की गं तुला!"

पुणेरी_कट्टा

हे मात्र विशेष आहे. मघाचे शब्द मागे.

विस्तार_अधिकारी_नि.

आता आमची बाजू मांडतो, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल आपल्याकडे नुसता अंधार.

वसंतराव नाईक समितीचा अहवाल १९६१ चा. त्यावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. देशात इतकी खाती जिल्ह्याच्या लोकनियुक्त संस्थेकडे देणारी राज्ये थोडीच. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, अंगणवाड्या, पशुवैद्यकीय दवाखाने, पाणी योजना, ग्रामीण रस्ते. एकेका जिल्हा परिषदेचे ५० ते ७५ सदस्य. ताईंची काउंटी यातले किती करते? शाळा आहेत का त्यांच्याकडे?

पण पैसा बघा. स्वतःचा म्हणावा असा सेस फंड, तो अगदी थोडा. बाकी सगळे वरून येते आणि कशावर खर्चायचे ते लिहूनच येते. रस्त्याचे घ्या. तीस-चौपन्न हे लेखाशीर्ष म्हणजे दुरुस्ती, पन्नास-चौपन्न म्हणजे नवे काम. सदस्य सभेत तासभर भांडतो की माझ्या गटातला रस्ता घ्या. अभियंता उठून सांगतो, "साहेब, तीस-चौपन्नला शिल्लक नाही." संपला विषय. निधीचे वाटप जिल्हा नियोजन समितीत ठरते आणि तिथे अध्यक्ष पालकमंत्री.

२०२२ पासून तर बहुतेक जिल्हा परिषदांत कितीतरी काळ निवडणूकच झाली नाही, प्रशासक बसले. सभापतींच्या दालनाला कुलूप. आणि खरे सांगतो, कामे साधारण पूर्वीसारखीच चालली. यात प्रशासकाचे कौतुक करायचे की सदस्यांची कीव करायची, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

मक्याकाठी

काका, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा इतका चांगला आहे.

शाळा काउंटीकडे नाहीत. शाळांची डिस्ट्रिक्ट वेगळी, त्यांचं निवडून आलेलं बोर्ड वेगळं, आणि मालमत्ता कराचा मोठा वाटा तेच नेतात. काउंटीकडे मुख्य म्हणजे शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आणि तुरुंग, रस्ते-पूल, कर आकारणी आणि वसुली, जमिनीची नोंदणी, निवडणुका, गरिबांना मदत, माजी सैनिकांचं काम. आवाका जि. प.पेक्षा लहान. मात्र कर बोर्ड स्वतः लावतं. सर्वसाधारण खर्चासाठी करपात्र मूल्याच्या हजाराला साडेतीन डॉलर, आणि गावांच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांना ग्रामीण सेवेचे आणखी ३.९५, हे कायद्यातले मूळ कमाल दर. त्यात २०२३ च्या कायद्याने बरंच आवळलंय. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आमची झोप उडालेली असते.

कर लावणारा आणि रस्त्याला खडी टाकणारा एकच. त्यामुळे "वरून निधी आला नाही" असं म्हणून सुटता येत नाही.

बार्शी_लाइट

रस्ते कसले हायत पण तिथं? फोटूत तर सगळे गुळगुळीत दिसत्यात.

मक्याकाठी

फोटो हायवेचे असतात! इथली जमीन एक-एक मैलाच्या चौकोनांत मोजलेली आहे, आणि जवळजवळ प्रत्येक मैलावर रस्ता. तो बहुतेक खडीचा. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्याचा थोरला भाऊ. मार्चमध्ये खालची जमीन वितळायला लागली की वरून कोरडा दिसणारा रस्ता आतून लापशी होतो, आणि शाळेची बस रुतते. त्या महिन्यात बोर्डाला येणारे निम्मे फोन त्याचेच.

काही रस्ते 'बी' दर्जाचे. तिथे पाटी असते : किमान देखभालीचा रस्ता, आपल्या जबाबदारीवर जा. कुठला रस्ता 'बी' करायचा हे बोर्ड सुनावणी घेऊन ठरवतं, आणि खुर्च्या कमी पडतात त्या याच सुनावणीला. रस्ता 'बी' झाला म्हणजे त्या वाटेवरच्या घराचं भविष्य ठरलं.

पुलांचं तर विचारूच नका. खराब अवस्थेतल्या पुलांच्या संख्येत आयोवा देशात पहिला, साडेचार हजारांच्या वर. बहुतेक काउंट्यांचे, जुने, मक्याने भरलेल्या आजच्या गाड्यांसाठी न बांधलेले. पैसा सगळ्यांना पुरत नाही, म्हणून वजनाची पाटी लावायची, नाहीतर पूल बंद. मग कापणीच्या वेळी शेतकऱ्याला अर्ध्या मैलावरच्या शेतात जायला तीन-चार मैलांचा वळसा.

बार्शी_लाइट

म्हंजे पाणंद रस्त्याचं रडगाणं तिकडं बी हायच. आन् बांधाचं? आमच्यात निम्म्या केसेस बांधाच्या.

मक्याकाठी

बांध नाही, कुंपण! त्याची सोय काउंटीच्याही खाली, टाउनशिपला. कुंपणावरून वाद झाला तर टाउनशिपचे तीन ट्रस्टी शिवारात येऊन बघतात आणि कोणी कुठला भाग नीट करायचा ते लेखी ठरवून देतात. रिवाज असा : दोघा शेजाऱ्यांनी कुंपणाच्या मध्यावर समोरासमोर उभं राहायचं, ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग, तो त्याचा. भांडतात तरीही.

जिल्हा_बातमीदार

एक शंका. डुकरांच्या मोठ्या शेडचं काय? त्यावर बोर्डाचा शब्द चालतो का? आयोवात माणसं ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर असं वाचलंय.

मक्याकाठी

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

साधारण अडीच हजारांहून जास्त मोठी डुकरं ठेवायची तर राज्याचा बांधकाम परवाना लागतो. तिथे काउंटीला एक गुणपत्रिका भरायची मुभा आहे : एकूण ८८० गुण, पास व्हायला ४४०, शिवाय हवा, पाणी, वस्ती या तीन भागांत किमान गुण. घरापासून अंतर, विहिरीपासून अंतर, वास कमी करायची सोय, असं सगळं. त्यासाठी बोर्डाला दर जानेवारीत ठराव करावा लागतो, तो विसरला तर वर्षभर तोही हक्क गेला. अर्ज करणाऱ्याचा सल्लागार ४४० च्या थोडं वर बसेल असा हिशेब आधीच करून आणतो. आणि बोर्डाने नापसंती कळवली तरी अंतिम निर्णय राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा.

वर पळवाट आहेच : २,४९९ चीच शेड बांधायची. तिथे गुणपत्रिका नाही.

या विषयाला हॉल भरतो, माणसं रडतात, ओरडतात. तिघे सुपरवायझर खाली मान घालून ऐकतात, कारण त्यांच्या हातात काही नाही हे त्यांना ठाऊक असतं आणि लोकांना पटत नाही. इतिवृत्तात मी एक ओळ लिहिते : "नागरिकांची मते ऐकली."

ओंकार_डीमॉईन

ही ओळ वाचून गप्प बसलो. धन्यवाद ताई, मनापासून.

विस्तार_अधिकारी_नि.

आम्ही "सभागृहाने नोंद घेतली" असे लिहायचो.

शेवंता

काका, मला माझ्या माहेरच्या जिल्हा परिषदेच्या सभांची इतिवृत्तं आणि बिलं बघायची असतील तर? पेपरात तर येत नाहीत.

विस्तार_अधिकारी_नि.

दोन मार्ग. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. दुसरा कमी लोकांना माहीत आहे. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अर्ज न करता अभिलेख बघता येतात. जिल्हा परिषदेत जा, सामान्य प्रशासन विभागात विचारा. इतिवृत्ताची फाइल मागा आणि पहिल्यांदा शेवटचे पान उघडा, ऐनवेळचे विषय तिथे असतात. प्रत हवी तर पानामागे पैसे भरून मिळते.

पहिल्या सोमवारी "साहेब नाहीत" म्हणतील. साहेबांची गरज नसते, लिपिक फाइल दाखवू शकतो. हे त्यांना माहीत असते.

शेवंता

पुढच्या महिन्यात जातेय गावी. सोमवारी सुट्टी आली तर?

विस्तार_अधिकारी_नि.

लगतचा कामाचा दिवस. शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवा.